एकाच पातेल्यातलं

परवा भाची आली होती. तिला सहावा महिना लागलाय आणि साखर वाढल्यामुळे डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलंय. "मावशी, तू जन्मभर हेच शिकवलंस ना? मग आता माझ्याकडे बघ जरा," म्हणाली आणि बाही वर सरकवली. दंडाला बटणाएवढी पांढरी चकती चिकटवलेली होती. मोबाईल जवळ नेला की साखरेचा आकडा दिसतो, दिवसभरात ती कधी चढली, कधी उतरली याची रेघसुद्धा दिसते. टोचणं नाही, रक्त नाही, काही नाही. मी आकडा बघितला, छानच होता. तरी सवयीनं तिचा हात ओढून घेतला आणि बोटांची टोकं चाचपली. लोण्यासारखी मऊ, एक डाग नाही.

"बोटांत काय बघतेस?"

"काही नाही गं. म्हातारीचा चाळा."

ती हसली आणि पाय पसरून झोपून गेली. मला मात्र झोप येईना. बायकांची बोटं टोचायची थांबली हे चांगलंच झालं, त्याबद्दल हळहळ करणाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला असला पाहिजे. पण खरं सांगते, त्या कोऱ्या बोटांकडे बघून मला चुकल्यासारखं झालं. ती खोली आठवली, तिथल्या बायका आठवल्या, आणि बोटं बघायची सवय मला जिनं लावली ती एका पेशंटची सासू तर अशी समोर येऊन उभी राहिली की तिला बसायला खुर्ची द्यावी.

आमच्या हॉस्पिटलात गरोदर बायकांच्या ओपीडीच्या अगदी टोकाला ती खोली होती. आधी तिथे मोडक्या खाटा ठेवत. मी भांडभांड भांडून ती मिळवली. एक लांब टेबल, त्यावर हिरवं रेक्झिन, आणि भोवती जिथून मिळतील तिथून उचलून आणलेल्या खुर्च्या. एक उंच, एक बुटकी, एक झुलणारी. आठवा महिना लागलेली बाई त्या झुलणाऱ्या खुर्चीत बसली की मी जीव मुठीत धरून शिकवायचे. खिडकीतून हॉस्पिटलचं धुण्याचं आवार दिसायचं. ओल्या चादरी वाऱ्यावर फडफडायच्या आणि खोलीत स्पिरिटच्या वासात साबणाचा वास मिसळायचा. कोपऱ्यात इन्सुलिनचा फ्रीज. तो एवढा घरघरायचा की मला आवाज चढवूनच बोलावं लागे. माझा आवाज त्यामुळे मोठा झाला असं मी सगळ्यांना सांगते. घरचे म्हणतात, फ्रीजला उगाच बदनाम करू नकोस.

गुरुवारी वर्ग भरायचा. साखर वाढलेल्या गरोदर बायका आणि प्रत्येकीबरोबर घरातलं एक माणूस, हा माझा नियम होता. कुणाची आई, कुणाची जाऊ, कुणाचा नवरा. नवरे दाराजवळच्या खुर्च्या धरायचे, म्हणजे पळायला सोपं. तेव्हा इन्सुलिनची ही पेनं नव्हती. छोट्या बाटल्या आणि सिरिंज. दुधाळ इन्सुलिनची बाटली तळहातांमध्ये हळूहळू घोळवायची, खळखळ हलवायची नाही. सिरिंजमध्ये आधी पाण्यासारखं स्वच्छ इन्सुलिन घ्यायचं, मग दुधाळ. हवेचा बुडबुडा टिचकी मारून वर आणायचा. हे सगळं आधी जुन्या खुर्चीच्या गादीतून काढलेल्या फोमच्या तुकड्यावर, आणि मग स्वतःच्या पोटावर.

पोट म्हटलं की सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. "सिस्टर, सुई बाळाला लागली तर?" हा प्रश्न दर गुरुवारी यायचाच.

"बाळ तुझ्यापेक्षा हुशार आहे," मी सांगायचे. "ते पार आत जाऊन बसलंय. ही सुई कातडीखालच्या चरबीपर्यंत जाते. ती तुझ्याकडे भरपूर आहे, देवाची कृपा."

मग हशा व्हायचा आणि हशा झाला की हात सैल पडायचे. साखर फार उतरली तर काय होतं हेही शिकवायचे: घाम फुटतो, हात थरथरतात, चिडचिड होते, बोलणं भरकटतं. लगेच साखर तोंडात टाकायची. एकीनं विचारलं, "नवऱ्यावर चिडले तरी साखर खायची का?" म्हटलं, "रोजच्यापेक्षा जास्त चिडलीस तरच." तिचा नवरा दाराजवळ बसला होता. तो म्हणाला, "मग ही दिवसभर साखरच खाईल!" आता सगळं मऊ आवाजात, पडद्यावर चित्रं दाखवून शिकवतात म्हणे. शिकवोत बापडे. आमच्या त्या खोलीतली मजा त्यांना मिळायची नाही.

त्या खोलीत एका गुरुवारी त्या दोघी आल्या. सून एका वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट होती. बारीक अंगाची, बोलायला कमी, सारखी ओढणीच्या टोकाशी चाळा करणारी. सासू म्हणजे भरदार बाई. नवरा गेल्यावर तिनं किराणा मालाचं दुकान एकटीनं चालवलं होतं, मुलाला शिकवून जहाजावर नोकरीला लावलं होतं. दुकान विकलं तरी तिथला छोटा वजनकाटा तिनं सोडला नव्हता. पहिल्याच दिवशी पिशवीतून तो काढून तिनं माझ्या टेबलावर ठेवला.

"भात किती द्यायचा ते वजनात सांगा, सिस्टर. वाटीबिटी मला कळत नाही. वाटी लबाड असते."

तेव्हापासून वर्गात तिचं नाव काटेकाकू पडलं. तिला ते आवडायचं.

वर्ग सुटल्यावर सून वजन करायला गेली तेव्हा काकूंनी मला दाराआड ओढलं. एवढा वेळ खणखणीत असलेला आवाज एकदम खाली आला.

"हिचं पहिलं बाळ नवव्या महिन्यात गेलं. तेव्हा साखरेचं कुणाला कळलंच नाही. सगळे म्हणत होते, सगळं ठीक आहे. मूल जन्मलं ते रडलंच नाही. मी दाराबाहेर उभी होते, कान लावून. आता रडेल, मग रडेल... त्यानंतर ही कित्येक महिने बोलली नाही हो. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की झोपायची. या खेपेला मला रडणारं मूल घरी न्यायचंय. तुम्ही सांगाल ते मी करीन. फक्त मला ते रडताना ऐकायचंय."

मी म्हटलं, "काकू, साखर ताब्यात ठेवा, बाकी आमच्या मोठ्या डॉक्टर मॅडम बघतील."

सून लवकर शिकली. टायपिस्टचा हात, नेमका पडायचा. सकाळी उपाशीपोटी बोट टोचून साखर बघायची, जेवणाआधी इन्सुलिन, जेवणानंतर पुन्हा बोट टोचायचं. बोटं रोजची टोचून टोचून हुळहुळी व्हायची, त्यात दिवसभर टंकलेखन. पण ती कधी कुरकुरली नाही. काकू मात्र प्रत्येक टोचणीला स्वतः तोंड वाकडं करायच्या.

आणि जेवण! मी वर्गात नेहमी सांगायचे की गरोदर बाईसाठी वेगळं शिजवू नका. तिच्यासाठी एक ताट आणि घरासाठी दुसरं असं झालं की तिला शिक्षा झाल्यासारखं वाटतं. तिनं खायचं ते सगळ्यांनी खा, एकाच पातेल्यातलं. ते वाक्य मी एवढ्या वेळा बोलले असेन की फ्रीजलाही पाठ झालं असेल. काकूंनी ते अक्षरशः पाळलं. घरात दोघीच. दोघींचा भात एकाच काट्यावर, दोघींच्या भाजीचं वजन सारखं, दोघी एकाच वेळी जेवायला बसणार. सून एक घास जास्त घेणार नाही, काकूही घेणार नाहीत. "चोरून खाल्लं तर आमचाच काटा आमच्याशी बोलायचा नाही," म्हणायच्या. मी इतर बायकांना सांगायचे, बघा, याला म्हणतात घरचं माणूस.

काही आठवडे सगळं सुरळीत होतं. मग दुपारच्या जेवणानंतरचे आकडे चढायला लागले. सकाळची साखर चांगली, रात्रीची चांगली आणि दुपारची वर. तशी ती चढतेच म्हणा. महिने भरत आले की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, डोस वाढवावा लागतो. मॅडमनी दुपारचा डोस वाढवला. पुढच्या गुरुवारी आकडा तसाच. पुन्हा वाढवला. आकडा ढिम्म हलेना. मॅडम म्हणाल्या, असंच राहिलं तर दाखल करून घेऊ. ते ऐकून सुनेच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मागच्या खेपेलाही तिला असंच दाखल करून घेतलं होतं, आणि परत येताना तिचे हात रिकामे होते.

मी दोघींना बाजूला घेतलं. माझा आवाज तेव्हा फ्रीजपेक्षा मोठा होता.

"दुपारी काय खाता खरं सांगा. काहीतरी गोड जातंय पोटात."

काकू ताडकन उभ्या राहिल्या. "माझ्या काट्यावर संशय घेता? अहो, गिऱ्हाइकं डोळे मिटून माल न्यायची माझ्याकडून!"

"काकू, मी काट्याला नाही विचारत, तिला विचारतेय."

सून म्हणाली, "मी काही खात नाही, सिस्टर. खरंच." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तिचं खरं वाटलं आणि म्हणूनच जास्त राग आला. खरं बोलणाऱ्या बाईची साखर खोटं का बोलते हे कळेना. काकूंना विचारलं, दुपारी हिला काही त्रास होतो का? म्हणाल्या, "जरा घाम येतो, थकवा येतो. पोटात एवढं ओझं, येणारच. मी साखरपाणी देते थोडं." साखर वर असताना साखरपाणी? मी कपाळाला हात लावला. त्यानंच वाढतंय मग, असं वाटून मी त्यांना सक्त ताकीद दिली.

त्याच्या पुढच्या गुरुवारी मॅडम एका ऑपरेशनमध्ये अडकल्या. दुपार झाली तरी येईनात. मी सगळ्यांना सांगितलं, इथेच इन्सुलिन घ्या, डबे उघडा आणि जेवा, आज मलाही बघू दे कोण काय खातंय ते. खोलीत डब्यांच्या झाकणांचा आवाज झाला. काकूंनी दोन सारखे डबे काढले, माझ्यासमोर काट्यावर ठेवले आणि माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. सुनेनं इन्सुलिन घेतलं आणि दोघी जेवल्या. भात, भाजी, एक उकडलेलं अंडं. खोट काढायला जागाच नव्हती.

जेवून बराच वेळ झाला. बायका गप्पा मारत होत्या. सून सामान आवरताना सिरिंजला टोपण लावत बसली होती, आणि ते तिला लागत नव्हतं. एकदा चुकलं, पुन्हा चुकलं. वकिलाचं पानच्या पान न बघता टाइप करणारी बाई, आणि तिला टोपण लागेना! मी बघितलं तर कपाळावर घामाचे थेंब, ओठ पांढरे.

"काय गं, काय होतंय?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि मग भलत्याच कुठल्यातरी कागदाबद्दल काहीतरी सांगायला लागली, साहेबांनी सही केली नाही म्हणून.

मी तिचं बोट धरलं, टोचलं, थेंब पट्टीवर घेतला. त्या काळचं यंत्र उत्तर द्यायला जीव खायचं. आकडा आला तो पन्नासच्या आत. साखरपाण्याचा ग्लास तिच्या तोंडाला लावला, शेजारच्या बाईला तिची पाठ चोळायला सांगितलं. थोड्या वेळानं ओठांवर रंग आला, ती नीट बोलायला लागली. "मी काय बोलत होते?" म्हणून लाजली. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

पण डोकं फिरलंच होतं. घरी रोज दुपारी दोनशेच्या वर आणि इथे तेच जेवण, तेच इन्सुलिन, आणि पन्नासच्या आत? यंत्रावर संशय आला. त्यांच्या पिशवीतलं त्यांचं यंत्र काढून तिच्याच बोटावर बघितलं. साखरपाण्यानं आकडा जरा वर सरकला होता, पण यंत्र चोख होतं.

"काकू, काल दुपारी किती होती?"

"दोनशे दहा," काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता. त्या रिकामा ग्लास दोन्ही हातांनी घट्ट धरून उभ्या होत्या, आणि तेव्हा मला त्यांची बोटं दिसली. डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर काळे ठिपके, एकाशेजारी एक.

मी ग्लास काढून घेतला आणि तो हात उलटा केला.

"हे काय आहे?"

सून म्हणाली, "आई, सांगा ना आता."

"तू गप्प बस," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तिची बोटं सुजली होती हो. ऑफिसातून आली की बोटं फुंकत बसायची. सकाळी टोचायचं, रात्री टोचायचं, वर दुपारी पुन्हा. शनिवारी-रविवारी घरी, बाकी दिवस मी डबा घेऊन तिच्या ऑफिसात जाते, तिथे सगळ्यांसमोर टोचायचं. मग म्हटलं, दुपारचं रक्त माझं घेऊ. आम्ही दोघी एकाच पातेल्यातलं खातो. काट्यावर तोलून खातो. एकाच वेळी जेवतो. साखर जेवणातून येते असं तुम्हीच शिकवलंत. मग माझी काय आणि हिची काय, सारखीच असणार ना?"

फ्रीज घरघरायचा थांबला असावा, किंवा मला ऐकू येईना.

"मी नको म्हणत होते," सून हळूच म्हणाली. "पण त्यांचं म्हणणं मला बरोबर वाटलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. जे आठवतं ते सांगते. "अहो, पातेलं एक असतं, रक्त एक नसतं! तुमच्या रक्ताचा आकडा बघून आम्ही हिला इन्सुलिन वाढवत गेलो. हिची साखर रोज दुपारी तळाला जात होती आणि तुम्ही तिला थकवा म्हणत होतात! काय झालं असतं कळतं का तुम्हाला? एकट्या हिचं नव्हे, पोटातल्याचंही!"

एवढं बोलून मी थांबले, कारण काकू खाली बसल्या. खुर्चीवर नव्हे, जमिनीवर. ती भरदार बाई भिंतीला टेकून एकदम लहान दिसायला लागली.

"बाळ?" एवढंच म्हणाल्या.

मी सुनेला शेजारच्या तपासणीच्या खोलीत नेऊन झोपवलं. काकू मागोमाग आल्या, कुणी बोलावलं नव्हतं तरी. बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र पोटावर ठेवलं. नुसती खरखर. जागा बदलली, तीच खरखर. सुनेनं डोळे मिटून घेतले होते आणि काकूंनी तिचा पाय धरून ठेवला होता, जसं काही ती कुठे निघून चाललीय. मी जागा पुन्हा बदलली. आणि मग आले ठोके. टपटप टपटप टपटप, शिवणयंत्र भरधाव चालवल्यासारखे. मी आवाज वाढवला, खोली भरून जाईल एवढा. काकू ऐकत राहिल्या. रडल्या नाहीत. नुसत्या मान हलवत राहिल्या, एकेक ठोका पटल्यासारख्या.

नंतर मी काकूंचं बोट टोचलं. दोनशेच्या बरीच वर. त्यांना स्वतःलाच मधुमेह होता, कित्येक वर्षांपासून असणार. त्या म्हणाल्या, "माझं काय घेऊन बसलात, हिचं बघा." त्यावर ती गप्प सून पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. "आई, तुमच्या गोळ्या सुरू झाल्याशिवाय मी इन्सुलिन घेणार नाही." धमकी पोकळ होती, ते तिघींनाही माहीत होतं. पण काकूंनी निमूट चिठ्ठी घेतली. पुढच्या आठवड्यापासून सून काकूंना गोळीची वेळ बजावायला लागली, आणि काकू वर्गात गाऱ्हाणं सांगायच्या, "आता ही माझी सासू झालीय!"

मॅडमनी दुपारचा डोस उतरवला. मला वाटलं होतं, त्या मला झाडतील. त्या शांतपणे म्हणाल्या, "यापुढे बोटंही बघत जा." तेव्हापासून मी बघायला लागले. प्रत्येक गुरुवारी आधी हात पुढे करायचा, मग बसायचं. पोरी हसायच्या. "सिस्टर भविष्य सांगतात," म्हणायच्या.

त्या दोघींसाठी मी आणखी एक केलं. दुपारचं बोट काकूंनीच टोचायचं, सुनेचं, माझ्यासमोर. काकू म्हणाल्या, "ते माझ्याच्यानं होणार नाही. बाकी काहीही सांगा." मी म्हटलं, "दुसरं काही सांगायचं नाही मला." त्या दिवशी पोत्यांची वजनं पेलणारा तो हात कापत होता. टोचलं, थेंब आला, सून कळवळली नाही. उलट हसली. काकूंनी मात्र डोळे पुसले. "तिला दुखतं हो," एवढंच म्हणाल्या, मला नाही, कुणालाच नाही. पुढचे सगळे गुरुवार त्यांनीच टोचलं, आणि दर वेळी तेवढ्याच कष्टी होऊन.

दिवस भरायच्या जरा आधीच, ठरल्याप्रमाणे, मॅडमनी सिझेरियन केलं. माझी ड्यूटी नव्हती, पण माझे पाय मला वर घेऊन गेले. सून अजून गुंगीत होती, डोळे अर्धे मिटलेले. शेजारी पाळणा. पाळण्यात मुलगी, गुलाबी, गुबगुबीत, गाढ झोपलेली. काकू पाळण्याजवळ उभ्या होत्या, पण हात लावत नव्हत्या.

"काकू, अभिनंदन! नात झाली!"

"ही रडत का नाही?"

"रडली की, आत. सगळ्यांनी ऐकलं."

"मी नाही ऐकलं. मला खाली औषधं आणायला पाठवलं होतं. आल्यापासून बघतेय, ही नुसती पडून आहे." त्यांचा आवाज अगदी खाली गेला. "तेव्हाही सगळे म्हणत होते, सगळं ठीक आहे."

मी बाळाचा श्वास बघितला, रंग बघितला. उत्तम होता. पण शब्दांनी ही बाई मानणार नव्हती, आणि तिनं का मानावं? शिवाय माझ्या हातात यंत्र होतं. साखर वाढलेल्या आईचं बाळ जन्मलं की त्याची साखर उतरू शकते, म्हणून पहिल्या दिवशी त्याची टाच टोचून परत परत बघावं लागतं. वॉर्डच्या सिस्टरचं ते काम मी मागून घेतलं होतं. आता पंचाईत अशी की सुनेचं बोट टोचताना जिचे हात कापतात, ती बाई या इवल्याशा टाचेत सुई घालू देईल का?

"काकू, जरा बाहेर थांबता? मला हिची साखर बघायचीय. टाचेला टोचावं लागेल."

काकूंनी माझ्याकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं. मग बाळाचं दुपटं सोडलं, ते पाऊल स्वतःच्या तळहातावर घेतलं आणि दोन बोटांत घट्ट धरलं. बाहेर जायचं नावच नाही.

"टोचा, सिस्टर."

"काकू, ती रडेल."

"मग टोचा ना."

मी टोचलं. क्षणभर काहीच झालं नाही. बाळानं ओठ मुडपले, कपाळाला आठ्या घातल्या, आणि मग असा काही टाहो फोडला की पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली. गुंगीतल्या सुनेनं मान वळवली. "आई," ती म्हणाली, "रडतेय. आई, ऐकलंत का?" आणि स्वतःही हुंदके देऊन रडायला लागली. पाऊल तसंच धरून काकू वाकल्या आणि कान बाळाच्या तोंडापाशी नेला, अगदी जवळ, एवढ्या मोठ्या आवाजाला कान लावायची काहीही गरज नसताना.

मी बघत राहिले. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि या सगळ्यात थेंब पट्टीवर घ्यायचा राहून गेला. टाचेवर तो सुकूनही गेला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझ्याकडून असं कधी झालं नव्हतं.

"काकू," मी ओशाळून म्हटलं, "पुन्हा टोचावं लागणार."

त्यांनी नातीचं दुसरं पाऊल दुपट्यातून मोकळं केलं आणि माझ्यापुढे धरलं.